महिनोन्महिने उभी राहिलेली इलेक्ट्रिक कार चालू होईना? आधी छोटी बॅटरी बघा

दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की माझा फोन एकाच तक्रारीसाठी वाजायला लागतो. लेक-सून पुण्याला नाहीतर परदेशात, गाडी परभणीच्या, नांदेडच्या किंवा लातूरच्या घरी उभी. दोन-तीन महिन्यांनी माणसं गावी येतात, चावीचं बटण दाबतात आणि गाडी ढिम्म हलत नाही. मग घाबरलेला आवाज येतो: "दादा, बॅटरी पार गेली वाटतं. लाखांचा खड्डा पडला का हो?"

बहुतेक वेळा पडलेला नसतो. अशा गाड्या मी वर्षानुवर्षं बघतोय. त्यातल्या बहुतेकांची मोठी बॅटरी ठणठणीत असते. बसलेली असते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी, जी पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. इलेक्ट्रिक कारमध्ये बॅटऱ्या दोन असतात, हेच पुष्कळ मालकांना कुणी सांगितलेलं नसतं. गाडी पळवणारी मोठी लिथियमची बॅटरी फरशीखाली असते, तिचा दाब बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्ट. दारांची कुलपं, डॅशबोर्ड, गाडीतले कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर मात्र या छोट्या बॅटरीवर चालतात. विहीर तुडुंब भरलेली असली तरी स्टार्टर उचलला नाही तर मोटर पाणी ओढत नाही, तसंच हे आहे. मोठीत साठ टक्के चार्ज असूनही छोटी मेली की गाडी उघडत नाही, चालू होत नाही आणि बऱ्याचदा चार्जिंगही घेत नाही.

लक्षणं कशी ओळखायची

छोटी बॅटरी बसल्याची खूण म्हणजे रिमोटला काहीच प्रतिसाद नसणं, किंवा दार उघडलं तरी आतला दिवा मिणमिणता लागणं. ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं की डॅशबोर्ड क्षणभर उजळतो, सगळे लाल-पिवळे दिवे एकदम लागतात आणि विझतात. कधी बोनेटखालून रिलेचा कटकट-कटकट आवाज येतो. स्क्रीनवर एकाच वेळी ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग अशा पाच-सहा बिघाडांची यादी आली तर घाबरू नका. एका दिवशी एवढं सगळं एकदम बिघडत नसतं. दाब कमी पडला की प्रत्येक कॉम्प्युटर आपापली तक्रार करतो. चार्जरची पिन लावली, भिंतीवरच्या बॉक्सला हिरवा दिवा आहे, पण गाडी चार्ज घेत नाही, हेही याच आजाराचं लक्षण असू शकतं.

मोठी बॅटरी उतरली असेल तर चित्र वेगळं दिसतं. दारं नीट उघडतात, डॅशबोर्ड स्वच्छ लागतो, पण टक्का शून्याजवळ असतो आणि बऱ्याच गाड्यांत कासवाचं चिन्ह येतं. हा फरक पहिल्या मिनिटाला करा, निम्मं काम तिथंच होतं.

आणखी एक गोष्ट. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत बॅटरी कमजोर झाली की सेल्फ मारताना इंजिन जड फिरतं, आठवडाभर आधी कळतं. इलेक्ट्रिकमध्ये सेल्फच नाही. छोट्या बॅटरीवर कॉन्टॅक्टर ओढण्याइतकाच भार असतो, त्यामुळे ती अर्धमेली असली तरी रोज काम भागवते आणि मग एके दिवशी अचानक हात वर करते. "कालपर्यंत तर चांगली होती" असं मालक म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात.

हात लावण्याआधी

बोनेट उघडल्यावर जाड केशरी रंगाच्या केबली दिसतील. त्या ३००-४०० व्होल्टच्या आहेत, जीव घेण्याइतक्या. त्यांना, त्यांच्या जोडांना आणि त्या जिथं जातात त्या बंद डब्यांना हात लावायचा नाही, पाना लावायचा नाही, ओला फडका तर मुळीच नाही. खाली जे काही सांगतोय ते फक्त १२ व्होल्टच्या बाजूचं. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण टर्मिनल आणि बॉडीच्या मधे धातू आला तर कातडी भाजते.

चावी, मग डोळे

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे चावीचा सेल. बहुतेक चाव्यांत नाण्यासारखा चपटा ३ व्होल्टचा सेल असतो, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. चावी महिनोन्महिने तापलेल्या कपाटात पडून असेल तर तो उतरू शकतो. दुसरी चावी असेल तर तीच आधी वापरून बघा, म्हणजे सेल आणायलाही जावं लागणार नाही. दोन्ही चाव्यांना प्रतिसाद नसेल तर चावीच्या आत लपवलेली धातूची किल्ली काढा आणि ड्रायव्हरच्या दाराला लावा. काही गाड्यांत तिचं छिद्र हँडलच्या टोपणाखाली असतं. बोनेट बहुतेक गाड्यांत तारेनं उघडतं, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी उघडता येतं.

बोनेट उघडल्यावर लगेच मीटर लावू नका, आधी नीट बघा. उंदीर. आपल्याकडं घराला लागून कापसाची, सोयाबीनची पोती असतात, आणि न हलणारी गाडी म्हणजे उंदरांना बंद, सुरक्षित जागा. जालन्याकडच्या एका गाडीत मोटरच्या वरच्या कप्प्यात सरकीसकट कापसाचं मऊ घरटं सापडलं. शेजारी हेडलाइटच्या वायरिंगचं आवरण पार सोलून ठेवलेलं, आतलं तांबं चकचकीत दिसत होतं. त्या उघड्या तारा एकमेकींना चिकटून छोटी बॅटरी रोज थोडी थोडी पीत होत्या. लेंड्या, कुरतडलेला फोम, वायरींवर बारीक दातांच्या खुणा शोधा. बारीक काळी-रंगीत वायर कुरतडलेली असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ती जोडून देतो. केशरी आवरणावर दाताची एकही खूण दिसली तर तिथंच थांबा, बोनेट बंद करा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा.

मग टर्मिनल बघा. पांढरा-हिरवट खार आला असेल किंवा क्लॅम्प हातानं हलत असेल तर बॅटरी चांगली असूनही करंट पोहोचत नाही. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशनं घासा, कोरडं पुसा, लावताना पॉझिटिव्ह आधी. बॅटरीची पेटी फुगलेली, तडकलेली किंवा ॲसिड गळालेली दिसली तर तिला चार्ज करायचा विचारच नको, बदलायचीच.

मीटर लावा, आकडा वाचा

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो आणि ज्याच्या घरी गाडी महिनोन्महिने उभी राहते त्याच्याकडं तो असावाच. वाचायची रीत मात्र सांभाळा. दार किंवा बोनेट उघडलं की गाडी जागी होते आणि आतले कॉम्प्युटर काही अँपिअर ओढायला लागतात. म्हणून बोनेट उघडा, दारं लावा, चावी घरात नेऊन ठेवा आणि अर्धा तास थांबून मगच आकडा घ्या.

लेड-ॲसिड बॅटरीचा हिशेब असा: १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ ला निम्मी उरली. १२.० ला पाव. ११.८ च्या खाली ती उतरलेलीच समजा. १०.५ च्या खाली जाऊन आठवडे पडून राहिली असेल तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि मग चार्ज केली तरी ती पूर्वीइतकं धरत नाही. काही नव्या गाड्यांत छोटी बॅटरीही लिथियमची असते. तिचे आकडे वेगळे आणि चार्जरही वेगळा लागतो, म्हणून आधी बॅटरीवरचं लेबल वाचा.

आकडा १२.४ च्या वर असेल, टर्मिनल घट्ट असतील आणि तरीही गाडी रेडी होत नसेल, म्हणजे डॅशबोर्डवर चालायला तयार असल्याची खूण येत नसेल, तर दोष बहुधा छोट्या बॅटरीत नाही. पुढचं जंप-बिंप करत बसू नका, खालच्या "इथं थांबा" या भागाकडं जा.

जंप देऊन बघणं

मेलेल्या गाडीला दुसऱ्या कारच्या बॅटरीवरून किंवा जंप पॅकवरून चेतवता येतं. पेट्रोल इंजिन फिरवायला लागतो तसा भार इथं नसतो, कॉन्टॅक्टर ओढले गेले की मोठी बॅटरी स्वतः कारभार हातात घेते. म्हणून दुसऱ्या कारचं इंजिन बंद ठेवलं तरी चालतं. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक तुमच्या गाडीच्या बॉडीवरच्या उघड्या धातूला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. पाच-दहा मिनिटं थांबा, ब्रेक दाबा, स्टार्ट करा. रेडीचा दिवा लागला की केबली उलट्या क्रमानं काढा.

इथं खेड्यात होणारे दोन-तीन प्रकार आवर्जून सांगतो, कारण त्यातून फार मोठं नुकसान होतं. ट्रकला दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्या दोन्हींवरून जंप कधीच घ्यायचा नाही. घरच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या असतील तर तिथंही २४ व्होल्टच असतात. एक असेल तर १२ व्होल्टची असते, पण ती आधी इन्व्हर्टरपासून सोडवा. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, चालते, पण ट्रॅक्टर बंद ठेवून. जुन्या ट्रॅक्टरचं चार्जिंग बेभरवशाचं असतं आणि तो वाढीव दाब तुमच्या गाडीतल्या कॉम्प्युटरांना सोसत नाही. आणि लाल-काळी उलटी लागली तर मुख्य फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर डीसी-डीसी कन्व्हर्टर जळतो, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज देणारा भाग. बॅटरीवरची अधिक-उणेची खूण बोट लावून बघा, केबलच्या रंगावर विसंबू नका.

गाडी रेडी झाली की मीटर पुन्हा छोट्या बॅटरीला लावा. आता आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवा. तो दिसला म्हणजे कन्व्हर्टर छोटीला भरतोय. रेडी असूनही आकडा १२ च्या आसपासच घुटमळत असेल आणि हळूहळू उतरत असेल तर कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेलाय. ते काम घरचं नाही.

गाडी तशीच तासभर रेडीत ठेवली किंवा चालवली तर छोटीत थोडा जीव येतो, पण अगदी उतरलेली बॅटरी तासाभरात भरत नाही. बाहेर काढून चार्जरवर लावणं चांगलं. क्षमतेच्या दहावा भाग इतका करंट पुरे, म्हणजे ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ अँपिअर. आपोआप थांबणारा चार्जर वापरा. गॅरेजमधला जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा चार्जर गाडीत जोडलेल्या बॅटरीला लावू नका. त्याचा दाब १६ व्होल्टच्या वरही चढतो. चार्जिंग उघड्या हवेत करा, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

भरल्यावर केबल न जोडता बॅटरी एक दिवस नुसती ठेवा आणि मग मोजा. १२.५ किंवा वर टिकली तर वापरा. १२.४ च्या खाली आली तर बदला. नवी घेताना जुनीसारखीच घ्या: एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) असेल तर एजीएमच, तीच क्षमता, तीच टर्मिनलची बाजू. बॅटरी डिक्कीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडायला विसरू नका.

नवी बॅटरी टाकली, महिन्यानं पुन्हा तेच

हाच खरा चिवट प्रकार. लोक दोन-दोन बॅटऱ्या बदलतात, कारण बॅटरी कोण पितंय ते कुणी शोधत नाही.

हिशेब करून बघा. झोपलेली गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर ओढते. ४० धरले तर दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर. म्हणजे ४० ची बॅटरी विसेक दिवसांत निम्मी होते, आणि निम्मी हीच लेड-ॲसिडला सोसणारी मर्यादा. त्यात कुणी थेट बॅटरीवरून आणखी ६० मिलिअँपिअरचं काही जोडलं की तीच बॅटरी आठवडाभरात निम्मी. बऱ्याच गाड्या अधूनमधून स्वतः जाग्या होऊन मोठीतून छोटीला थोडं भरतात, पण मोठीचा टक्का फार खाली गेला की ही सोय बंद होते. म्हणून "आमच्या शेजाऱ्याची तीन महिने उभी होती, काही झालं नाही" हे खरं असलं तरी तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही.

पिणारे नेहमीचे कोण? नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर, पार्किंगमध्येही चालणारा डॅशकॅम, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचलेलं निदान यंत्र, बाजारातून बसवलेला ॲम्प्लिफायर. आणि ज्याचा कुणाला संशयही येत नाही ते मोबाइल ॲप. दुबईत बसलेलं लेकरू गावच्या गाडीवर जीव म्हणून रोज दोनदा ॲप उघडून टक्का बघतं. तशा प्रत्येक विचारणीला बऱ्याच गाड्या झोपेतून उठतात, काही मिनिटं सगळे कॉम्प्युटर जागे राहतात आणि छोटी बॅटरी तेवढी झिजते. एका आजोबांना मी हे सांगितलं, त्यांनी लगेच मुलाला फोन लावला: "बाळा, गाडी बघू नको रे, झोपू दे तिला." त्या घरून पुन्हा तक्रार आली नाही. टक्का बघायचाच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा पुरे. चावीही गाडीपासून लांब ठेवा. भिंतीपलीकडं खुंटीला टांगलेल्या चावीशी बिनचावीच्या कुलपाच्या गाड्या संपर्क साधत राहतात, त्यात गाडीची बॅटरीही जाते आणि चावीचा सेलही.

गळती मोजायची असेल तर मिलिअँपिअर वाचणारा डीसी क्लॅम्प मीटर लागतो. निगेटिव्ह केबलभोवती तो अडकवायचा, बोनेटच्या कुलपाची खिट्टी स्क्रूड्रायव्हरनं बंद करायची म्हणजे गाडीला बोनेट लागलं असं वाटतं, दारं लावायची, चावी लांब न्यायची आणि नुसतं बघत बसायचं. सुरुवातीला आकडा काही अँपिअर दाखवतो, मग एकेक कॉम्प्युटर झोपला की पायरीपायरीनं उतरतो. अर्ध्या-पाऊण तासात ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर गाडी निरोगी. २००-३०० वर अडकून राहिला तर एकेक फ्यूज काढून कोणता ओढतोय ते शोधायचं, तेही फक्त १२ व्होल्टच्या फ्यूज बॉक्समधले. साधा मल्टिमीटर मालिकेत जोडून हे करू नका. मधेच गाडी जागी झाली तर मीटरचा फ्यूज उडतो. आणि काम झाल्यावर बोनेट खाली सोडण्याआधी ती खिट्टी परत उघडा, नाहीतर कुलपावर आपटून ती वाकते. ही पायरी जमणारी नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या. त्याच्या तासाभराची मजुरी नव्या बॅटरीपेक्षा कमीच असते.

गाडी चालू झाली, पण चार्ज घेईना

छोटी ठीक, टक्का कमी, पिन लावली की चार्जरवर लाल दिवा. आपल्याकडं याचं कारण बहुतेकदा गाडीत नसतं, अंगणात असतं. आर्थिंग. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीचा विरोध वाढतो. फ्रीज-पंखा त्यावर तक्रार करत नाही, पण गाडीचा चार्जर आर्थिंग नीट नसेल तर मुद्दाम चालत नाही, आणि ते तुमच्या जिवासाठीच आहे. वायरमनला बोलावून फेज-न्यूट्रल, फेज-आर्थ आणि न्यूट्रल-आर्थ असे तिन्ही आकडे मोजायला लावा. पहिले दोन जवळपास सारखे हवेत, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. खड्ड्यात पाणी घालून आकडा सुधारला तर रोग कळला. मग खड्डा नव्यानं भरून घ्या. आर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून चार्जरला फसवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. न्यूट्रल कुठं तुटला तर अख्ख्या गाडीच्या पत्र्यात वीज उतरते.

दाबही बघा. लोडशेडिंगनंतर वीज परत येते तेव्हा कधी १८० तर कधी २६० व्होल्ट दिसतात. चार्जर अशा वेळी स्वतःहून बंद होतो, दाब स्थिर झाला की पुन्हा घेतो. १५ अँपिअरचं सॉकेट तासभर चार्जिंगनंतर हाताला चटका देत असेल किंवा पिवळं पडलं असेल तर सॉकेट आणि वायर दोन्ही बदला. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करू नका.

इथं थांबा

मोठी बॅटरी शून्यावर जाऊन आठवडे पडून होती आणि आता चार्ज घेत नाही, तर पुढं काही करू नका. लिथियमचा सेल ठरावीक दाबाच्या फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं. अशा सेलला पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून बॅटरीची व्यवस्थापन यंत्रणा स्वतःच चार्जिंग अडवते. "मी पॅक उघडून बाहेरून भरून देतो" म्हणणारा भेटला तर गाडी त्याच्या हाती देऊ नका. बऱ्याच कंपन्या मोठ्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, सील तुटलं की तीही हातची जाते.

छोटी बॅटरी भरलेली असून गाडी रेडी होत नसेल, डॅशबोर्डवर हाय व्होल्टेज किंवा इन्सुलेशनचा दोष लिहून येत असेल, केशरी केबलला इजा असेल, तर सर्व्हिस सेंटर. गाडी न्यायला सपाट ट्रॉलीची गाडी मागवा. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून वीज तयार करते आणि बिघाड वाढतो.

पाणी शिरलेली गाडी हा सगळ्यात गंभीर प्रकार. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आला, तेव्हा अंगणातल्या गाड्या फरशीच्या वरपर्यंत पाण्यात होत्या. अशी गाडी वरून सुकली, चकचकीत पुसली तरी चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घराला चिकटून ठेवायची नाही. आत शिरलेल्या पाण्यानं मोठी बॅटरी कितीतरी दिवसांनीही पेट घेऊ शकते. उघड्यावर, इतर गाड्यांपासून लांब हलवण्याचं काम कंपनीच्या माणसांकडून करून घ्या. फरशीखालून फुस्स आवाज, गोडसर किंवा रसायनासारखा वास, पांढरा धूर यांपैकी काहीही असेल तर बादली घेऊन पुढं जाऊ नका. माणसं, जनावरं लांब न्या आणि ११२ ला फोन करा.

पुढच्या वेळी गाडी सोडून जाताना

मोठी बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. शंभरावर ठेवलेला लिथियम सेल उन्हात लवकर म्हातारा होतो. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त असतो. वीस टक्क्यांच्या खाली ठेवून तर जाऊच नका. शेडपेक्षा स्लॅबखालचा पोर्च बरा. तो नसेल तर लिंबाची सावली आणि सुती कव्हर. लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही उष्णतेनं वाढतो, दर १० अंशांना ढोबळमानानं दुप्पट. म्हणून हिवाळ्यात तीन महिने टिकणारी बॅटरी उन्हाळ्यात दगा देते.

गाडी कायम पिनेला लावून जायचं की नाही, हे मॅन्युअल बघून ठरवा. काही कंपन्या तसंच सांगतात. पण घरात कुणी नसताना, आपल्याकडच्या चढत्या-उतरत्या विजेवर आणि पावसाळ्यातल्या कडकडाटात पिन लावून जायला मी तरी सांगत नाही. त्यापेक्षा छोट्या बॅटरीला आपोआप सांभाळणारा ट्रिकल चार्जर लावा. ते शक्य नसेल तर गाडी पूर्ण बंद करून तिचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. चार्जिंग चालू असताना किंवा रेडीत असताना ते काढायचं नाही. काढण्याआधी धातूच्या किल्लीनं दार उघडतंय ना ते बघा. बॅटरी डिक्कीत असेल आणि डिक्की विजेवर उघडत असेल तर आतून उघडायची सोय कुठं आहे तेही बघून घ्या.

घरी कुणी असेल तर सर्वांत चांगलं म्हणजे दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा-पाऊण तास रेडीत ठेवणं, जमलं तर गावाबाहेर एक फेरी. टायरमध्ये हवा सांगितलेल्या कमाल मर्यादेपर्यंत भरा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक महिनोन्महिने ओढून ठेवला तर मागचे ब्रेक चिकटतात, म्हणून बटणाचा हँडब्रेक असेल तर तो बंद कसा ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये बघा. धान्याची पोती गाडीपासून लांब हलवा.

परत आल्यावर पहिलं चार्जिंग घरच्या संथ एसी चार्जरवर शंभर टक्क्यांपर्यंत करा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या मोठ्या बॅटरीचा दाब मधल्या टक्क्यांत जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे बराच काळ उभ्या गाडीचा टक्का चुकू शकतो. पूर्ण भरल्यावरच यंत्रणा हिशेब नव्यानं जुळवते आणि सेल एकमेकांच्या पातळीला आणते. ब्रेकच्या डिस्कवर गंज आलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवून ब्रेक हलके हलके दाबत जा, खरखर थांबते. एवढं झालं की मग महामार्गावरच्या फास्ट चार्जरला लावायला हरकत नाही.